छोटं कॉलेज: तिथेच मुरायचं की वर चढायचं?

माझा भाचा अमेरिकेत एका छोट्या कॉलेजात सहायक फुटबॉल कोच आहे. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून पळायचा खेळ. परवा फोनवर म्हणाला, "मामा, इथेच राहू की मोठ्या युनिव्हर्सिटीत बघू?" त्याच्यापायी मलाही या खेळाचं वेड लागलंय, म्हणून त्याच्यासमोर काही माणसं ठेवली.

पहिले जॉन गॅग्लियार्डी. 1953 साली मिनेसोटातल्या सेंट जॉन्समध्ये आले ते 2012 पर्यंत तिथेच राहिले. बेनेडिक्टाइन साधूंचं कॉलेज, झाडीने वेढलेलं मैदान. सुरुवातीला आइस हॉकीचा संघही त्यांच्याच गळ्यात. पण सराव कसा? शिट्टी नाही, सरावात एकमेकांना आडवं पाडायचं नाही, दीड तासात सगळं आटोपायचं. 'कोच' नाही, 'जॉन' म्हणायचं. व्यायामाच्या वेळी मुलं गवतावर उताणी पडायची आणि शेजारच्याला सांगायची, आज काय छान दिवस आहे! आणि अशा सरावातून 489 विजय, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या इतर कुठल्याही कोचपेक्षा जास्त, शिवाय चार राष्ट्रीय विजेतेपदं. मोठ्या युनिव्हर्सिटीत, टीव्ही आणि देणगीदार डोक्यावर बसलेले असताना, एवढी मोकळीक त्यांना कुणी दिली नसती असं मला ठामपणे वाटतं.

दुसरे केलन डीबोर. साउथ डकोटातल्या सू फॉल्स या छोट्या कॉलेजचे माजी खेळाडू, पुढे तिथलेच मुख्य कोच. 2005 ते 2009 मध्ये 67 विजय, फक्त 3 पराभव, तीन विजेतेपदं. मग त्यांनी ते सोडलं आणि मोठ्या कॉलेजात दुसऱ्याच्या हाताखाली आक्रमणाची आखणी करायला गेले. सदर्न इलिनॉय, ईस्टर्न मिशिगन, फ्रेस्नो, इंडियाना. मुख्य कोचपद परत मिळायला जवळजवळ दहा वर्षं गेली. आज ओळख आहे ती वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेणारे आणि 2024 मध्ये अलाबामात गेलेले कोच म्हणून. पगार कोट्यवधींचा. पण मधली दहा वर्षं घरच्यांनाही काढावी लागतात, हे भाच्याने बायकोशी आधी बोलावं.

तिसरे कोच लान्स लायपोल्ड. त्यांना अशी पायरी उतरावी लागली नाही, विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर कॉलेजातून ते थेट वरच्या गटातल्या बफेलो युनिव्हर्सिटीचे मुख्य कोच झाले. तिथे वेगळाच धक्का बसला: व्हाइटवॉटरला आठ वर्षांत 109 विजय आणि 6 पराभव, तर बफेलोच्या दुसऱ्याच हंगामात 10 पराभव. माणूस तोच, पण समोरचे संघ बदलले.

पैशाचं गणित वेगळंच. सेंट जॉन्स आणि व्हाइटवॉटर ज्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, खेळतात, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. त्यामुळे कोचला मुलाच्या आईवडिलांशी फी आणि अभ्यासक्रमाबद्दल बोलावं लागतं. नुसता चेंडू दाखवून मुलगा येत नाही. ज्याला हे बोलणं जड जातं, त्याने खरंच वर जावं.

भाच्याला जड जात नाही. सगळ्यात जास्त आनंद कशात मिळतो, विचारलं, तर तिसऱ्या फळीतल्या, बहुधा कधीच सामना न खेळणाऱ्या मुलांबद्दल तो वीस मिनिटं बोलत राहिला. गॅग्लियार्डी कुणालाच संघातून काढत नसत, ते आठवलं. मी म्हटलं, "बाळा, अजून दोन हंगाम तरी हलू नकोस."