बोर्टेझोमिब: शिरेतून घ्यावं की त्वचेखाली?

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरसाठी बोर्टेझोमिब हे औषध घ्यायचं ठरलं असेल, तर इंजेक्शन शिरेत घ्यायचं की पोटावर त्वचेखाली, हे आधीच विचारून घ्या. मी आधी शिरेतून घेतलं, नंतर त्वचेखाली.

गुणाच्या बाबतीत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. आजार उलटलेल्या 222 रुग्णांवरचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराच्या चार सायकलनंतर, म्हणजे चार फेऱ्यांनंतर, दोन्ही गटांत सारख्याच, म्हणजे 42 टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. वेळेचाही मुद्दा नाही, कारण शिरेतला डोस 3 ते 5 सेकंदांत जातो. वेळ जातो तो शीर सापडण्यात. पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेलं, शिरेला जोडलेलं छोटं उपकरण, असेल तर तोही प्रश्न मिटतो.

माझं पारडं झुकलं ते पायांमुळे. आधी बोटांना मुंग्या, मग तळव्यांची आग. रात्री अंगावरची चादर पायाला लागली तरी सहन होत नसे आणि दिवसा चप्पल निसटलेली कळत नसे. मळमळ, थकवा येतो आणि ओसरतो. मज्जातंतूंचं हे दुखणं मात्र औषध थांबलं तरी लगेच जात नाही, काहींचं पूर्ण जातही नाही. त्याच अभ्यासात शिरेतून घेणाऱ्यांपैकी 53 टक्क्यांना हा त्रास झाला, त्वचेखाली घेणाऱ्यांपैकी 38 टक्क्यांना. तीव्र त्रास 16 विरुद्ध 6 टक्के. माझी आग त्वचेखाली सुरू केल्यावर हळूहळू कमी झाली. अर्थात त्याच वेळी डॉक्टरांनी डोसही आठवड्यातून एकदाच केला होता, त्यामुळे सगळं श्रेय सुईच्या जागेला देता येणार नाही.

त्वचेखालच्या इंजेक्शनचा त्रास म्हणजे पोटावर उठणारे लाल, खाजरे चट्टे. जागा बदलत राहावं लागतं: पोट, मांडी, डावी बाजू, उजवी बाजू, जुन्या जागेपासून किमान 2.5 सेंटीमीटर दूर. तरीही त्वचा फारच चिडत असेल तर औषध अधिक पातळ करून देता येतं किंवा पुन्हा शिरेतून देता येतं.

एक गोष्ट सिस्टरांना विचारायला संकोचू नका. 3.5 मिलिग्रॅमची तीच कुपी त्वचेखाली द्यायची तर 1.4 मिलिलिटर सलाईनमध्ये विरघळवतात आणि शिरेतून द्यायची तर 3.5 मिलिलिटरमध्ये. आकारमानात गोंधळ झाला तर डोसच चुकतो, म्हणून सिरिंजवर मार्ग लिहिलेला असायलाच हवा. हे औषध मणक्यातून गेलं तर जीवघेणं ठरतं.

बाकीची काळजी दोन्हीकडे तीच. दोन डोसांत किमान 72 तासांचं अंतर, प्लेटलेट्सची तपासणी, नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर. ग्रीन टीचे अर्क आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

मुंग्या सुरू होताच सांगा, दुखेपर्यंत थांबू नका. वेळीच कळलं तर डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 1.3 वरून 1 मिलिग्रॅमवर आणता येतो किंवा आठवड्यातून एकदाच देता येतो. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच; पण मधुमेहाने किंवा आधीच्या औषधांनी तुमचे पाय आधीच बधिर असतील, तर निदान माझ्या मते, त्वचेखाली देता येईल का, हे पहिल्या डोसाआधीच विचारा.