विंडहँड-कफ स्प्लिट रेकॉर्ड: नागपूरच्या उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत ऐकल्यावर

एप्रिलमध्ये विंडहँड आणि कफ (Cough) या दोन बँडची ही स्प्लिट, म्हणजे अर्धी-अर्धी वाटून घेतलेली, रेकॉर्ड घरी आली, आता डिसेंबर लागलाय. आल्या आल्या लिहायचं मुद्दाम टाळलं. डूम मेटल, म्हणजे हेवी मेटलचा अतिसंथ प्रकार, पहिल्या दोन-चार वेळा नुसतंच जड वाटतं, त्यातलं गाणं हळूहळू कळायला लागतं.

'रिफ्लेक्शन ऑफ द निगेटिव्ह' ही रेकॉर्ड 2013 साली रिलॅप्स रेकॉर्ड्सने काढली. दोन्ही बँड अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडचे. एका बाजूला विंडहँडची दोन गाणी, दुसऱ्या बाजूला कफचं 'अथामे' हे एकच, सुमारे 18 मिनिटांचं. पार्कर चँडलर कफमध्ये गातो आणि बेस गिटार वाजवतो. विंडहँडचा बेसही त्याच्याचकडे. त्यामुळे दोन अनोळखी बँड एका तबकडीवर कोंबलेत, असं इथे वाटत नाही.

साहित्य दोघांचं तेच: खालच्या सुरात लावलेल्या गिटारी, भरपूर फझ (गिटारीचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज), अतिसंथ लय. ही वाट ब्लॅक सॅबथ या जुन्या ब्रिटिश बँडची. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात तुटली होती; सैल तारा दाबायला सोप्या, म्हणून 1971 पर्यंत त्याची गिटार दीड स्वर खाली आली, आणि त्या सैल तारांचा आवाज पुढे सगळ्या डूमवाल्यांनी उचलला. पण तेवढ्याच साहित्यातून हे दोन बँड किती वेगळ्या जागी पोचतात, ते या रेकॉर्डवर शेजारी शेजारी ऐकायला मिळतं. माझ्यासाठी तिची खरी किंमत यात आहे.

विंडहँडच्या बाजूला चाल आहे. गायिका डोरथिया कॉट्रेलचा आवाज गिटारींच्या वर नाही, त्यांच्या आत ठेवलाय. शब्द नीट कळत नाहीत, पण सुरावट दिवसभर डोक्यात राहते. त्यातलं 'अ‍ॅमरँथ' मी स्वयंपाक करतानाही गुणगुणते. कफ असा आधार देत नाही. 'अथामे'मध्ये आवाज कण्हतो, मग ओरडतो, आणि रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारीचा तुकडा) इतका वेळ तिथेच घुटमळतो की त्यातली खरखरसुद्धा वाद्यासारखी ऐकू यायला लागते.

बाबांनी तबल्याच्या परीक्षा दिलेल्या आहेत. एका रविवारी 'अथामे' चालू असताना ते शेजारी येऊन बसले आणि मांडीवर मात्रा मोजू लागले. ड्रमचा ठोका अपेक्षेपेक्षा किंचित उशिरा पडला की त्यांचा हात हवेत थांबायचा. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सम सापडून राहिली बेटा, पण हा गडी मधली जागा किती मोकळी सोडून राहिला!" आवडलं का, ते त्यांनी सांगितलं नाही, पण बाजू संपेपर्यंत उठलेही नाहीत. विलंबितात बोल सुटल्यावर पुढच्या मात्रेपर्यंत जो श्वास धरला जातो, तोच इथे गिटारीच्या गुंजण्यात धरला जातो.

आता नागपुरात ही ऐकायची कशी, ते सविस्तर सांगते, कारण निम्मा उन्हाळा माझा त्यातच गेला. रेकॉर्डवर खाचा कापताना बेस, म्हणजे खालचे सूर, मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना फोनो प्रीॲम्प (टर्नटेबलचा आवाज वाढवणारं यंत्र) तो पुन्हा वाढवतो, अगदी खालच्या सुरांना जवळजवळ 20 डेसिबलपर्यंत. म्हणजे जमिनीतून सुईपर्यंत पोचणारी थरथरही तेवढीच वाढते. मे महिन्यात खिडकीतला डेझर्ट कूलर चालू असला की कफची बाजू नुसती गढूळ होते. शेवटी टर्नटेबलखाली कडप्प्याची जाड फरशी घातली आणि तिच्या चारही कोपऱ्यांना स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे दुमडलेले तुकडे लावले. फरक पहिल्याच फेरीत ऐकू आला: बेस आणि खालची गिटार वेगवेगळी दिसायला लागली. तरी कूलरचा घों घों हवेतून येतोच. तो बंद करून, घाम पुसत, एक बाजू ऐकायची. मला तरी ते परवडलं.

पारा 45 वर जातो तेव्हा पश्चिमेची भिंत रात्रीही तापलेली असते. रेकॉर्ड तिथून लांब आणि उभी ठेवा. आडव्या थप्पीत ती वाकते. पावसाळ्यात कव्हरला बुरशी येऊ नये म्हणून कपाटाचं दार अधूनमधून उघडं ठेवलं, एवढंच.

तक्रार एकच. विंडहँडच्या दोन गाण्यांत बदल थोडा आहे. दुसरं जरा वेगळ्या लयीत असतं तर बाजू अधिक भरली असती. कफबद्दल ही तक्रार करता येत नाही, कारण त्यांचं एकच गाणं आहे आणि ते अर्धवट ऐकण्यात काही अर्थ नाही. मोबाइलवर, सीताबर्डीच्या गर्दीतून जाताना, हेडफोनवरही करून पाहिलं. खालचे सूर हॉर्नमध्ये बुडतात आणि उरतो तो नुसता गोंगाट.

डूम नवीन असेल तर आधी विंडहँडची बाजू आठवडाभर ऐका, मग कफकडे वळा. विंडहँड भावली तर पुढे त्यांचा 2013 चाच 'सोमा' हा अल्बम घ्या. कफ भावली तर 2016 चा 'स्टिल दे प्रे'. त्याच्या निर्मितीत इलेक्ट्रिक विझर्ड या डूम बँडचा जस ओबॉर्न होता. माझी पुढची खरेदी तीच.