'गो ऑफ'चा धडा मस्त, क्विझ मात्र गंडलेली

इंग्लिश शिकायच्या एका ॲपमधला फ्रेजल व्हर्ब्सचा (म्हणजे क्रियापदाला ऑफ, अप असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो त्यांचा) कोर्स परवा संपवला, सगळ्याबद्दल लिहीत बसत नाही, फक्त 'गो ऑफ'बद्दल सांगतो कारण त्याच्यापायीच हे ॲप घेतलं होतं. झालं असं की ऑफिसच्या ग्रुपवर एकाने टाकलं 'द फायर अलार्म वेंट ऑफ' आणि मी खाली अंगठा देऊन 'ग्रेट' लिहून मोकळा. मला वाटलं बंद झाला एकदाचा! ऑफ म्हणजे बंद हे डोक्यात इतकं फिट्ट बसलंय आणि तो तिकडे नुसता बोंबलत होता.

धडा नेमका इथूनच सुरू होतो म्हणून आवडला. अलार्म वेंट ऑफ म्हणजे वाजला, लाइट्स वेंट ऑफ म्हणजे गेले, बॉम्ब वेंट ऑफ म्हणजे फुटला आणि द मिल्क हॅज गॉन ऑफ म्हणजे दूध नासलं. हे दुधाचं ब्रिटिश लोक बोलतात, अमेरिकन सरळ वेंट बॅड म्हणतात, ही टीप दिलीये ते बरं केलं. 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' म्हणजे कॉफीवरचं मन उडालं, हे तर मला माहीतच नव्हतं. ऑडिओ पण छान आहे, 'अलार्म वेंट ऑफ' कसं म्हणायचं ते नीट ऐकू येतं.

मराठीतून समजावलंय ते मात्र बोअर. गो म्हणजे जाणे, ऑफ म्हणजे दूर, अशी फोड करून काय मिळणार? आपण 'सांगून टाकलं', 'विसरून बसलो' म्हणतो तेव्हा कोण काय टाकतं नि कोण कुठे बसतं, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी काम झालं असतं. आणि 'सेट ऑफ' गायबच! अलार्म वाजला तर गो ऑफ, धुराने वाजवला तर सेट ऑफ, फटाका फुटला-फोडला तसंच, ही जोडी सोबत शिकवायलाच हवी ना.

क्विझमध्ये 'द मीटिंग वेंट ऑफ वेल'चं उत्तर 'रद्द झाली' दिलंय 😅 अहो ती व्यवस्थित पार पडली, रद्द असती तर 'इज ऑफ' म्हटलं असतं, आणि पुढे ते वेल काय शोभेला आहे का. दोनदा रिपोर्ट केलं, अजून तसंच आहे. तूर्तास तीन स्टार, ते उत्तर बदललं की चौथा देतो.