पेडल खाली बसतंय: हवा काढायची, किट टाकायचं की मास्टर सिलेंडरच बदलायचा?

जुन्या मारुती ८०० किंवा जीपचं ब्रेक पेडल बिघडलं की गॅरेजमध्ये तीनपैकी एक उत्तर मिळतं: ब्रेकच्या लाइनमधली हवा काढा, मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) नव्या रबरांचं किट टाका, किंवा तो सिलेंडरच बदला. तिन्ही बरोबर असू शकतात, पण वेगवेगळ्या आजारांवर.

आधी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) असल्यास त्यातला व्हॅक्यूम संपेल. मग अर्धा मिनिट पाय एकसारखा दाबून धरा. पेडल स्पंजसारखं लवतं, पंप केल्यावर वर येतं पण लवचिकपणा राहतोच, तर लाइनमध्ये हवा आहे. दुसऱ्याच दाबाला वर येऊन टणक होत असेल, तर मागच्या ड्रममधलं शूचं (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचं) अंतर वाढलंय. शू ॲडजस्ट करा, पैसे वाचले. पायाखाली सावकाश बसतच गेलं, तर ब्रेक ऑइल निसटतंय. हीच परीक्षा हलक्या पायानेही करा. सिलेंडरमधलं झिजलेलं रबर जोराच्या दाबाला पसरून धरतं आणि हलक्या दाबाला सोडतं, म्हणून सिग्नलवर उभ्या गाडीत पेडल बसतं, पण कचकन ब्रेक मारताना सगळं ठीक वाटतं. (इंजिन सुरू करताना पेडल किंचित खाली जाणं मात्र बूस्टर चालू असल्याची खूण आहे.)

मास्टर सिलेंडरवर आळ घेण्याआधी गळती शोधा. ड्रम काढून व्हील सिलेंडरचे (चाकातल्या, शू ढकलणाऱ्या छोट्या सिलेंडरचे) बूट, म्हणजे रबरी टोप्या, उचलून बघा, आत ओल दिसली तर तोच दोषी. ऑइल लागलेले शूवरचे लायनर पुसून चालत नाहीत, बदलावे लागतात. टाकीतलं ऑइल कमी होतंय पण बाहेर कुठेच ओल नाही, असं असेल तर मास्टर सिलेंडर बूस्टरपासून सोडवा. मागच्या रबरातून ऑइल बूस्टरमध्ये उतरत असतं. पातळी अजिबात उतरत नसेल आणि तरी पेडल बसत असेल, तर ऑइल आतल्या आत रबर ओलांडून परततंय. खात्रीसाठी सिलेंडरच्या आउटलेटना त्याच आट्यांचे प्लग लावून आतली हवा काढा आणि पेडल दाबा. तरीही बसलं तर सिलेंडरच गेला. वर आणि टणक राहिलं तर दोष पुढे आहे: पाइप, होज किंवा चाकाकडे.

आता किट की नवा? निर्णय बोअरवर (सिलेंडरच्या आतल्या पोकळीवर) आहे, किमतीवर नाही. पिस्टन काढून आतली भिंत टॉर्चने बघा आणि नखाने चाचपा. गुळगुळीत असेल तर किट छान चालतं. खड्डे किंवा नखाला लागणारे ओरखडे असतील तर नवं रबर त्यांवरच कापलं जाईल. बिडाचा बोअर हलका होन करता (बारीक घासून घेता) येतो, ॲल्युमिनियमचा करू नये. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या, त्यातही कोकणच्या दमट हवेतल्या गाडीत आम्ही सरळ नवा सिलेंडर सुचवू. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि बोअर आतून गंजतो. एकच सर्किट (चारही चाकांना मिळून ऑइलची एकच लाइन) असलेल्या जुन्या जीपमध्ये तर काटकसर नकोच, तिथे एक रबर गेलं की चारही चाकांचे ब्रेक जातात.

नवा घेताना बोअरचं माप जुळवा. मोठा बोअर पेडल वर आणि कडक ठेवतो, पण तेवढ्याच ब्रेकिंगला पायाचा जोर जास्त लागतो. किट बसवताना रबरांना ताजं ब्रेक ऑइलच लावा, कारण पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइलने ती फुगतात.

नुसती हवा काढणं सगळ्यात स्वस्त, पण त्यातच अनेक सिलेंडर मरतात. पेडल तळापर्यंत मारलं की रबर बोअरच्या कधीच न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. सहसा सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण तिरप्या सर्किटच्या (एका लाइनवर पुढचं एक आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक असलेल्या) गाडीत मॅन्युअलमधला क्रम पाळा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, जे झाकणावर लिहिलंय ते, सीलबंद डब्यातलं. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

काम कोणतंही झालं तरी पेडल हलक्या आणि जोराच्या दोन्ही दाबांना धरून पुन्हा तपासा, मगच मोकळ्या मैदानात कमी वेगात ब्रेक मारून पाहा.