दहा महिने रंग भरल्यावर: पुस्तक, पेन्सिली आणि कूलरचा वारा

गेल्या दिवाळीत नणंदेने पुण्याहून मोठ्यांसाठीचं रंग भरायचं पुस्तक आणलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे पोट्ट्यायचं काम व्हय, तू कायले करतं?" आता पोळा होऊन गेला, माझं दुसरं पुस्तक अर्धं भरलंय, आणि रोज संध्याकाळी त्याच विचारतात, "आज कोन्ता रंग लावतं वं?"

पहिलं पुस्तक दिसायला देखणं, पण कागद झेरॉक्सच्या कागदाएवढा पातळ, म्हणजे ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) आसपास, आणि छपाई दोन्ही बाजूंनी. सुरुवात मुलाच्या स्केचपेनांनी केली. एकाच जागी दोनदा फिरवलं की कागदाची लव निघायची. मग हौसेने अल्कोहोल मार्कर मागवले. मोराच्या पिसाऱ्यात निळा भरला आणि पान उलटलं, तर मागच्या घुबडाचा एक डोळा निळा! ही शाई जाड कागदातूनही झिरपते. मार्करच वापरायचे असतील तर एकाच बाजूने छापलेलं पुस्तक घ्या आणि पानाखाली जुन्या वहीचा पुठ्ठा सरकवा. मी मार्कर भाचीला देऊन टाकले.

पेन्सिलींत मात्र जीव रमला. मेणाच्या, म्हणजे कांडीत मेण असलेल्या, पेन्सिली मऊ असतात, रंग भरभरून देतात, पण टोक लवकर झिजतं आणि मोडतंही. तेलाच्या जरा कडक, बारीक नक्षीला बऱ्या. प्रिझमाकलर प्रीमियर मेणाची, फेबर-कॅस्टेलची पॉलिक्रोमॉस तेलाची. दुसरीच्या चार सुट्या पेन्सिली नागपूरहून आणल्या, पूर्ण डबा घ्यायची आपली ऐपत नाही. बाकी सगळं काम साध्या ३६ रंगांच्या डब्यावर चाललंय. ७२ चा डबा घेऊन पातळ कागदावर घासण्यापेक्षा ते पैसे कागदात घाला. रंगांवर रंग चढवायला कागदाला थोडा खरखरीतपणा हवा, गुळगुळीत चकचकीत पानावर पेन्सिल घसरते. पहिला थर हलक्याच हाताने द्यायचा. जोर दिला की कागदाचा खरखरीत दाणा दबतो, मग वरचा रंग बसत नाही.

माझा पहिला डबा पार्सलमध्ये आपटून आला होता. टोक काढावं की तुकडा गळून पडावा, आतली कांडी जागोजागी मोडलेली. मेण मऊ होऊन कांडी सांधावी म्हणून मे महिन्यात त्यातल्या पाच-सहा मेणाच्या पेन्सिली फडक्यात गुंडाळून अंगणातल्या उन्हात पंधरा मिनिटं ठेवल्या, नंतर सावलीत गार होऊ दिल्या. तिघींचं टोक टिकलं, बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं ऊन कुठेतरी कामी आलं म्हणायचं.

पण त्याच उन्हापायी दिवसभर कूलर चालतो, आणि त्याच्यासमोर बसलात की पान पापडासारखं सादळतं. त्यावर टोक फिरवलं की रंग ढेकळासारखा जमतो. हे मला जून उजाडल्यावर समजलं. आता कूलरकडे पाठ करून बसते, आणि पुस्तक कणगीवर नाही, पत्र्याच्या पेटीत ठेवते.

रंग एकमेकांत मिसळायला बेबी ऑइल वापरतात. मी आगपेटीच्या काडीला घरचाच कापूस गुंडाळते, तेलाचा एक थेंब घेते आणि पेन्सिलीच्या रंगावर हळूच फिरवते. रेषा विरून जातात. कागद पातळ असला तर मागे तेलाचा डाग उठतो, म्हणून हे फक्त जाड पानावर.

पुस्तक निवडताना मंडलाच्या, म्हणजे गोलात गुंफलेल्या, फार बारीक नक्षीला भुलू नका. चाळिशीचा चष्मा असेल आणि संध्याकाळी लाइट जात असेल तर ती डोकेदुखीच आहे. तशीही त्यातली फुलं-पाखरं आपल्याकडची नसतात.

या पोळ्याला मी आमच्या बैलाचा फोटो खिडकीच्या काचेवर धरून त्याच्या रेषा गिरवल्या आणि तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर लेझर प्रिंट काढून घेतला. लेझरची रेघ तेलाने पसरत नाही. झूल मी रंगवली. शिंगांना सासूबाईंनी हात लावू दिला नाही. डब्यातला लाल त्यांना पटेना, नारिंगीवर लाल घासून घासून हिंगूळ जमला तेव्हा कुठे त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.