कमरेचा व्हॉइस अ‍ॅम्प्लिफायर : उतारवयातल्या आवाजाला कितपत साथ देतो?

वाढत्या वयात स्वरतंतूंतला स्नायू झिजतो, त्यांच्या कडा मधोमध खोलगट होतात आणि बोलताना तिथे फट राहते. हवा निसटते, आवाज फुसफुसतो, वाक्य पुरं व्हायच्या आत दम सरतो. मग आजी-आजोबा घसा ताणून बोलतात आणि संध्याकाळपर्यंत आवाज पार बसतो. हेडसेट माइक असलेला हा पट्ट्याचा स्पीकर तो ताण वाचवतो, म्हणून तो मनापासून आवडला.

सगळी मेख माइकच्या जागेत आहे. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं अंतर, तेही किंचित बाजूला. थेट तोंडासमोर आला तर 'प', 'फ', 'भ' फाटतात. हनुवटीखाली घसरला की आवाज कमी पडतो, व्हॉल्यूम वाढवला जातो आणि स्पीकर शिटी मारू लागतो. अशा वेळी व्हॉल्यूम उतरवा, माइक जवळ घ्या, स्पीकर कमरेच्या बाजूला फिरवा.

फुसफुसता आवाज यातून मोठा होतो, स्वच्छ नाही. घोगरेपणा चार आठवडे टिकला तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. प्रत्येक घोगरेपणा वयाचाच असतो असं मुळीच नाही.

कच्चा दुवा म्हणजे वायर. पिनेपाशी ती सतत वाकते आणि खरखर सुरू होते, त्यामुळे जादा हेडसेट सहज मिळतो का, हे खरेदीआधीच विचारा. कानामागे श्रवणयंत्र असेल तर हेडसेटची पट्टी त्याला घासते. तिथे घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका.