जेरुसलेममध्ये कुणी 'चर्च बंद आहे' म्हणालं तर

जेरुसलेमच्या जुन्या शहरात जाफा गेटमधून आत शिरलं की चार पावलांत एक माणूस सामोरा येतो. गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटातलं कसलं तरी कार्ड, बोलणं गोड. 'इंडिया? वेलकम! होली सेपल्कर क्लोज्ड. प्रेयर टाइम.' आता येशूच्या पवित्र कबरेचं हे चर्च पहाटे उघडतं ते संध्याकाळपर्यंत उघडंच असतं, आणि आत एका पंथाची प्रार्थना चालू असताना बाजूने लोकांची ये-जा सुरू असते. पण वसईहून किंवा गोव्याहून आयुष्यात एकदाच आलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? टूरवाल्याने 'मोकळा वेळ' म्हणून दोन तास दिलेले असतात. तो निमूटपणे मागे चालू लागतो.

पुढचा क्रम ठरलेला आहे. आधी गल्ल्यांतून मुद्दाम फिरवलं जातं, म्हणजे परतीची वाट सापडू नये. मग चर्चच्या छपरावरचा इथिओपियन मठ 'स्पेशल परमिशन'ने दाखवला जातो. खरं तर क्रुसाच्या वाटेवरच्या (येशूने क्रूस वाहिला त्या मार्गावरच्या) नवव्या स्थानाजवळून तिथे कुणीही फुकट जातं. तिथून 'माझ्या भावाचं दुकान', पुदिन्याचा चहा, 'फक्त बघा'. बिल होताना 'चाळीस' म्हणून सांगितलेली किंमत शेकेलमधली (इस्रायलच्या चलनातली) नसून डॉलरमधली होती असं कळतं, म्हणजे तिप्पटीच्या घरात. दुकानातून बाहेर पडल्यावर वाटाड्या स्वतःचे वेगळे पैसे मागतो आणि आवाज चढवतो. दुकानातलं कमिशन त्याला मिळालेलंच असतं.

खरी वाट दहा मिनिटांचीही नाही. जाफा गेटमधून सरळ डेव्हिड स्ट्रीटने उतरा, डावीकडे ख्रिश्चन क्वार्टर रोड धरा, मग उजवीकडे सेंट हेलेना रस्त्याच्या पायऱ्या उतरल्या की चर्चचं अंगण. परवानाधारक गाईडकडे पर्यटन मंत्रालयाचं फोटो असलेलं ओळखपत्र असतं आणि तो पैशांचं आधी बोलतो. 'नंतर बघू, तुम्ही माझे पाहुणे' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

तिकिटांचंही एकदा डोक्यात पक्कं बसू द्या. पवित्र कबरेचं चर्च, बेथलेहेमचं जन्मस्थानाचं चर्च, यहुद्यांच्या प्रार्थनेची पश्चिम भिंत, गेथशेमाने बागेचं चर्च, शेवटच्या भोजनाची माडी आणि खाली दावीद राजाची कबर, सगळीकडे प्रवेश फुकट. थोडी फी खरोखर लागते ती सेंट ॲन चर्च व बेथेस्दाच्या तळ्याला, स्वर्गारोहणाच्या छोट्या घुमटीला आणि दूर गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमला. पश्चिम भिंतीच्या बोगद्यांचं बुकिंग आधी करावं लागतं. फुकट ठिकाणांच्या दारात कुणी हात पसरला तर तो तिकिटाचा नाही.

पश्चिम भिंतीपाशी प्रकार वेगळा. पुरुषांना डोकं झाकायला किप्पा (छोटी गोल टोपी) प्रवेशाशीच मोफत मिळतो. तरी कुणी आशीर्वाद पुटपुटत मनगटाला लाल दोरा बांधून टाकतो आणि मग पैसे मागतो. दोरा बांधला गेला की 'नको' म्हणणं जिभेवर येत नाही, सगळी गंमत तिथेच आहे. हात खिशात ठेवा. लोक प्रार्थनेची चिठ्ठी भिंतीच्या फटीत ठेवतात; 'तुमची चिठ्ठी भिंतीत मी नीट ठेवतो' म्हणणाराही नको. चिठ्ठी आपणच ठेवायची. वर्षातून दोनदा त्या सगळ्या काढून जैतुनांच्या डोंगरावर पुरल्या जातात.

त्याच डोंगरावर पाकीट सांभाळा. वरच्या कठड्यावर फोटो काढताना पोस्टकार्डांची लांब घडी उलगडून कुणी छातीशी धरतो. विक्री हा बहाणा. घडीच्या आडून दुसरा हात पर्सच्या चेनवर असतो. सॅक पुढे घ्यायची आणि घडी जवळ आली की एक पाऊल मागे सरायचं. वर जायला टॅक्सी घेणार असाल तर बसण्याआधी मीटर दाखवून 'मोने' म्हणा, हिब्रूत मीटरला हाच शब्द. 'मोने खराब आहे' असं ऐकलं तर दुसरी टॅक्सी. उतरताना मात्र पायीच या, वाटेत प्रभूने अश्रू ढाळल्याचं चर्च आणि शेवटी गेथशेमाने लागतं.

बेथलेहेमला दमास्कस गेटजवळून 231 नंबरची बस जाते. थांब्यावर उतरताच टॅक्सीवाले गराडा घालतात, 'चर्च फार लांब.' पायी वीस-पंचवीस मिनिटं. चर्चचं दार इतकं बुटकं की वाकूनच शिरावं लागतं. आत चौदा टोकांच्या चांदीच्या ताऱ्यापर्यंत जाणारी रांग कधी तासभर हलत नाही, आणि नेमकं तेव्हा कुणी कानाशी येऊन 'मागच्या दाराने सोडतो' म्हणतो. पैसे जातात, आणि तिथला सेवक परत पाठवतो तेव्हा तो गायब. पासपोर्ट स्वतःजवळच ठेवा, बेथलेहेम पॅलेस्टिनी भागात असल्याने परतीच्या तपासणी नाक्यावर तो लागतो.

ग्रुपने गेलात तर दुकान टळत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. कार्यक्रमपत्रिकेत चर्चला वीस मिनिटं आणि 'ऑलिव्ह वुड फॅक्टरी'ला तासभर दिसला की समजून जा. लाकूड खोटंच असतं असं नाही. गव्हाणीचा सेट हातात घेऊन उलटा करा. खऱ्या जैतुनाच्या लाकडाच्या तपकिरी रेषा पुढून मागे आरपार जातात आणि दोन मूर्तींवर कधी सारख्या नसतात. बुडाशी पॉलिश नसेल तिथे ओलं बोट फिरवलं की रेष गडद होते. कुशीवर साच्याची बारीक शिवण लागली तर ते लाकूड नव्हेच. 'पूर्ण हातकाम' हा दावाही तपासा: ढोबळ आकार बहुधा मशीन काढतं, हाताची किंमत चेहऱ्यांत असते. डोळे-नाक नसलेला गुळगुळीत योसेफ 'हॅन्ड कार्व्ह्ड'च्या भावाने घेऊ नका. 'आशीर्वादित' म्हणून वर पैसे तर मुळीच देऊ नका. क्रूस असो वा जपमाळ, पवित्र कबरेच्या चर्चमधल्या अभ्यंगाच्या शिळेवर (येशूच्या देहाला जिथे सुगंधी तेल लावलं असं मानतात) लोक आपल्या वस्तू स्वतःच टेकवतात.

सगळ्यात मोठी रक्कम जाते ती नाण्यांत. मार्कच्या शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्या (अगदी छोटी नाणी) आपल्याला पाठ असतात, आणि दुकानदाराला ते माहीत असतं. ट्रेमध्ये 'विधवेची टोली' म्हणून जे ठेवतात ते बहुधा अलेक्झांडर यान्नाय या यहुदी राजाच्या, इ.स.पू. 103 ते 76 काळातल्या तांब्याच्या नाण्यांसारखं असतं: एका बाजूला नांगर (जहाजाचा), दुसऱ्या बाजूला तारा. खरी नाणी इतकी विपुल सापडली आहेत की झिजलेलं नाणं मुळात महाग नसतं. पैसे घेतले जातात ते गोष्टीचे. खरं नाणं पातळ, वेडंवाकडं, बहुतेकदा दोन ग्रॅमच्याही आत, आणि अर्धा नांगर कडेबाहेर गेलेला. ओतीव नकलेवर बुडबुड्यांचे गोल खड्डे दिसतात, कडेने शिवण जाते. एकच नाणं बघू नका, तीन मागा आणि शेजारी ठेवा. तिन्हींवर एकाच जागी तीच खाच असेल तर साचा एक.

आणि नाणं खरं निघालं तर? इस्रायलच्या 1978च्या पुरातत्त्व कायद्यानुसार 1700 सालापूर्वीची मानवनिर्मित वस्तू ही पुरावस्तू. ती फक्त परवानाधारक विक्रेताच विकू शकतो आणि देशाबाहेर न्यायला पुरातत्त्व खात्याची मंजुरी लागते. म्हणून पैसे काढण्याआधी दोनच गोष्टी मागा, भिंतीवरचा परवाना आणि निर्यातीचा कागद. दोन हजार वर्षांची शपथ घेणारा माणूस 'विमानतळावर सुव्हेनियर म्हणून सांगा' असं म्हणू लागला, की नाणं परत ट्रेमध्ये.